पांगाऱ्याची फळी

निर्मला, तुला माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला हवं आहे. बाकीचं मी माझं बघून घेईन. दूध अर्धा लिटर कमी केलंय. चिकूला पाणी घालतोय. रात्री गॅस खालून बंद करतो आणि परत उठून बघतो, ते तू असतानाही करायचोच.

वीस दिवस होत आले तुला जाऊन. लोक अजून येतात. बसतात, पाणी पितात आणि सगळे एकच बोलतात, "बाई भाग्यवान. उभ्या उभ्या गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नाही." मी मान हलवतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. उभा जन्म रेल्वेत तिकिटं तपासली मी. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो टीसी दिसला की आधी खिडकीबाहेर बघायला लागतो, एवढं एक शास्त्र मला येतं. आणि हे वाक्य बोलताना बरेच जण खिडकीबाहेर बघतात.

आता तुला सांगायला हरकत नाही. दिवाळीच्या आधी तुझं डोकं सारखं दुखायचं म्हणून आपण वापीला गेलो होतो. तिथे तुझ्या डोक्याचे फोटो काढले. मग डॉक्टरांनी तुला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. तू काचेच्या टाकीतले मासे बघत बसलीस. आत ते म्हणाले, मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलाय, ऑपरेशन करायचं तर जागा फार वाईट आहे. बीपी ताब्यात ठेवा, जड उचलू देऊ नका, टेन्शन देऊ नका. कदाचित काही होणारही नाही. झालंच तर मात्र वेळ मिळणार नाही. मी विचारलं, तिला सांगायचं का? ते म्हणाले, तुमच्या माणसाला तुम्ही ओळखता.

मी बाहेर आलो. तू म्हणालीस, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बीपी." तू म्हणालीस, "बीपी सांगायला एवढा वेळ?" मी म्हटलं, "डॉक्टर बोलघेवडा आहे." तू माझ्याकडे बघितलंस आणि मी माशांकडे.

सांगितलं नाही ते बरोबरच केलं, असं मी अजूनही म्हणतो. टेन्शन देऊ नका म्हणायचं आणि वर हे सांगायचं, ते कसं जमावं? शिवाय आपल्याकडे असंच करतात. तुझ्या अण्णांच्या वेळी तूच सगळ्या घरादाराला दटावलं होतंस, अण्णांच्या कानावर एक शब्द जाता कामा नये म्हणून. अण्णा शेवटपर्यंत अल्सरची गोळी म्हणून ती गोळी घेत राहिले. निदान आपण तसं समजत राहिलो.

तर मला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं, असा आपला हिशेब होता. रिपोर्ट मी घरी आणलेच नाहीत. अमोललाही बोललो नाही, तो बोईसरहून रोज फोन करणार आणि रडक्या आवाजात "आई, बरी आहेस ना?" विचारून सगळं फोडणार, हे मला ठाऊक होतं. चोख बंदोबस्त केला होता मी. आणि आता तू गेल्यावर एकेक गोष्ट आठवते आणि वाटतं, या बंदोबस्तात कुठेतरी भोक होतं.

पण फळीपासून सांगायला हवं. आपल्या घरातल्या साऱ्या संशयाला सुरुवात तिथून झाली.

वेवजीच्या शाळेतून तू रिटायर झालीस आणि पंधरवड्यात माझ्यासमोर मोबाइल धरलास. "अहो, हे बघा." कुठल्यातरी लांबच्या बेटावरची एक जाडजूड म्हातारी लाकडाच्या साध्या फळीवर पोटावर झोपून लाटेबरोबर किनाऱ्याला येत होती. ना शीड, ना वल्हं. तू म्हणालीस, "ही लोकं पूर्वीपासून घरीच बनवतात. ज्या झाडाची बनवतात ना, ते आपल्या पांगाऱ्याच्या भावकीतलं आहे." मी म्हटलं, "मग? आपण काय करायचं?" तू म्हणालीस, "आपल्याकडे पांगारा आहे आणि समुद्रपण आहे." मला वाटलं, रिटायरमेंटचा ताप आहे, उतरेल. माझ्या वेळी मी हार्मोनियम आणली होती.

पुढच्याच आठवड्यात वेवजीहून टेम्पो आला आणि त्यातून झाडाचं खोड उतरलं. तुझी जुनी विद्यार्थिनी वनिता, आता अंगणवाडीत आहे ती, तिच्या कुंपणाचा पांगारा वादळात पडला होता. "न्या बाई," ती म्हणाली. "चुलीत घातला तर नुसता धूर होतो." मी तिला विचारलं, बदल्यात काय हवंय? ती गोंधळली. तू मला आत बोलावून झापलंस. "माणूस काही देतो म्हटला की तुम्ही लगेच त्याचं तिकीट मागता." पण निर्मला, पुढे खरं काय निघालं? तिला पण फळीवर बसायचं होतं. म्हणजे हवं होतंच ना काहीतरी.

वखारवाल्याने खोडाच्या फळ्या पाडून दिल्या आणि वर सांगितलं, "पांगारा आहे, दोन पावसांत भुंगा खाऊन भुगा करेल." त्यावर वनिताने उपाय काढला. तिच्याकडे बांबू मुरवतात तशी फळी तळ्याच्या चिखलात गाडायची, वर दगड ठेवायचे आणि पावसाळाभर विसरून जायचं. विसरायचं होतं तर तू दर रविवारी वेवजीला कशाला जायचीस? विचारलं की म्हणायचीस, "फळी बघायला." चिखलात गाडलेली फळी काय बघायची? एका रविवारी मी तुझ्या मागच्या एसटीने आलो. तळ्यावर पोचलो तर तू साडी खोचून गुडघाभर चिखलात, पलीकडे वनिता, आणि दोघी मिळून ती काळी फळी उलटी करताय. वास असा की डोळ्यांत पाणी. तू वर बघितलंस. इतक्या लांब मी कसा, कशाला, काही विचारलं नाहीस. "आलात? धरा," एवढंच म्हणालीस. माझी पँट गेली ती गेलीच. पण परत येताना एसटीत आपल्या दोघांच्या शेजारी कोणी बसेना आणि तू पदर तोंडाला लावून तलासरी येईपर्यंत हसत होतीस.

दसऱ्यानंतर फळी काढली, चिकूच्या सावलीत वाळवली. शेजारच्यांनी दोनदा येऊन विचारलं, काही मेलंय का. मग तू आकार काढायला बसलीस. आपल्यापैकी कोणाला सुतारकी येत नव्हती. पण ब्लाउज बेतायला तुला येत होतं. तू वर्तमानपत्राला वर्तमानपत्र चिकटवून लांब कागद केलास, मधोमध घडी घातलीस आणि अर्धाच आकार कापलास. उघडला तर दोन्ही बाजू सारख्या. तो फळीवर ठेवून खडूने आखलास. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत लांबी, तुझ्या खांद्यांएवढी रुंदी. मी म्हटलं, "गळा पुढून ठेवणार की मागून?" तू खडू फेकून मारलास.

मग करवत, मग रंधा, मग पॉलिश पेपर. संध्याकाळभर ओट्यावर तो भुसा. तू डोळे मिटून फळीवरून हात फिरवायचीस आणि जिथे जाड लागेल तिथे परत रंधा मारायचीस. आणि आपलं भांडण जुंपायचं ते टोकावरून. माझं म्हणणं, पुढचं टोक वाफ देऊन जरा वर वळवायला हवं, नाहीतर पाण्यात घुसेल. तुझं म्हणणं, ते लोक सपाटच ठेवतात. मी म्हणायचो, त्यांचा समुद्र वेगळा, आपला डहाणूचा वेगळा. तू म्हणायचीस, समुद्र एकच असतो, भूगोल मी शिकवलाय. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं, तीन-चार हात चोळलंस आणि फळी गुळाच्या ढेपेसारखी चमकायला लागली. मी म्हटलं, आता मागे मोठ्या अक्षरांत नाव आणि मोबाइल नंबर रंगवू, चोरीला जाईल. तू म्हणालीस, "चोराला काय कळणार ती काय आहे? कपडे धुवायला नेईल." नाव घालायचं राहिलंच.

पहिल्या दिवशी स्कूटरवर तू मागे, फळी आडवी धरून. सरावलीपासून किनाऱ्यापर्यंत लोक वळून वळून बघत होते. भरतीची वेळ बघून संध्याकाळी आलो होतो. अमोलचा जुना टी-शर्ट आणि सलवार घालून तू कमरेइतक्या पाण्यात गेलीस, लाट आली, फळीवर झोपलीस, आणि टोक सरळ खाली घुसलं. तू पाणी आणि वाळू गिळून वर आलीस. मी किनाऱ्यावरून टोकाचं काहीतरी बोललोच. तू तिथूनच ओरडलीस, "टोक नाही, मी पुढे झोपले होते." वीतभर मागे सरकलीस. पुढची लाट आली आणि ती तुला घेऊनच निघाली.

तू सरळ माझ्या पायांशी येऊन थांबलीस, पालथी, केसांत वाळू, आणि हसत होतीस. साठीला आलेली हेडबाई. तुला सांगतो, मला आनंद झाला, पण दुसऱ्याच क्षणी संशय आला. हे हसू इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं हिने? माझ्याबरोबर संसार केला त्यात एकदाही नाही आणि एका फुकटच्या झाडावर बसून हे? त्या रात्री मी जेवलो नाही. तू विचारलंस तर पित्त म्हणालो.

मग ते रोजचं झालं. पहाटे उजाडताना समुद्र, आठाच्या आत घरी. मी वाळूवर उभा. पोहायला मला येतं, पण विहिरीतलं. समुद्रावर माझा भरवसा नाही, त्याला कठडा नसतो. सोबतीला रमणभाई असायचे, तेच, कॉटेज हॉस्पिटलच्या पुढच्या चिकूवाडीचे. त्यांना ऐकू कमी येतं आणि कानाचं मशीन ते खाऱ्या हवेने बिघडतं म्हणून घरी ठेवून येतात. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे फलाटावरची अनाउन्समेंट करायची. तरी बोलायचो. ऐकू न येणारा माणूस मोकळं बोलायला फार चांगला.

आणि तिथे उभा राहून मला ते दिसलं. फळीवर कोपरं टेकून, लाटेची वाट बघत, समुद्राकडे तोंड करून तू पडलेली असायचीस आणि मधेच मान वळवायचीस, तेव्हा तुझे ओठ हलत असायचे. वनिता येईल त्या रविवारी ठीक आहे. पण एकटी असतानाही. बाहेर आलीस की मी विचारायचो, "कोणाशी बोलत होतीस?" तू म्हणायचीस, "कोणाशी नाही." मी म्हणायचो, "मला दिसलं." तू म्हणायचीस, "मग पाढे म्हणत असेन." टीसीला पाढे सांगतेस.

त्यात पुढच्या दिवाळीच्या तोंडावर वापीचं ते झालं. समुद्र बंद कर म्हणायचं तर कारण द्यायला हवं. दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, बंद नको, पण फळी उचलायची नाही. स्कूटर सोडून मी रिक्षा लावली. फळी मी धरायला लागलो. तू चिडलीस. "माझी फळी मी धरेन, मला काय झालंय?" रोज सकाळी फाटकाशी आपली ओढाताण. मी पाठ दुखेल तुझी म्हणायचो, तू म्हणायचीस, माझ्या पाठीची काळजी कधीपासून? तुलाही संशय यायला लागला होता, मला दिसत होतं. एकाच घरात दोन टीसी.

आठवडाभर ती ओढाताण चालली. मग एक दिवस तू पाण्यातून बाहेर आलीस, केस पिळलेस आणि फळी माझ्या हातात दिलीस. "धरा. आजपासून तुम्हीच धरा." बस. परत कधी भांडली नाहीस. मला वाटलं, दमली माझ्या हट्टापुढे.

आणि त्यानंतर तू बदललीस. तुला वाटलं मला कळलं नसेल. तू मला कढी शिकवलीस. फुटू नये म्हणून काय करायचं ते दोनदा करून घेतलंस. भाकरी थापायला लावलीस, माझ्या भाकरीला कडा येईपर्यंत सोडलं नाहीस. वॉशिंग मशीनची बटणं समजावलीस. मी म्हणायचो, हे कशाला? तू म्हणायचीस, "उद्या मी वनिताकडे चार दिवस राहायला गेले तर?" मला वाटलं, ही कुठेतरी निघालीय. अमोलकडे, नाहीतर बायकांच्या ट्रिपबरोबर, आणि माझी सोय लावून ठेवतेय. तुझा मोबाइलसुद्धा बघितला मी. नुसते फळ्यांचे व्हिडिओ आणि एक लोणच्याचा.

एका संध्याकाळी तर तू फळीला तेल लावता लावता म्हणालीस, "टोकाचं तुमचंच बरोबर असेल हो. थोडं वर हवं होतं." इतक्या वर्षांत तू माझं एक म्हणणं मान्य केलं नव्हतंस. मी म्हटलं, "तुला बरं वाटतंय ना?" तू हसलीस आणि म्हणालीस, "मला काय होतंय."

गेलीस ती शिमग्याच्या तोंडावर, स्वयंपाकघरात, ओट्याशी. मी स्टेशनजवळच्या दुकानात तुझ्याच गोळ्या आणायला गेलो होतो. रोज पहाटे मी त्या समुद्रावर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, आणि ते आलं मागच्या दाराने, मी बाजारात असताना. समुद्राने तुला काही केलं नाही, हे मला कबूल करायला हवं. त्याच्यावर मी उगाच डाफरायचो.

दहाव्याला वनिता आली. कोपऱ्यात बसून रडली आणि म्हणाली, "संक्रांतीला बाई आल्या तेव्हा साऱ्या पाड्यावर फिरल्या. ज्यांच्याकडे कधी गेल्या नव्हत्या त्यांच्याकडेपण." मी कान टवकारले. "कशाला?" "तिळगूळ द्यायला." "आणि काय बोलली?" "बोलल्या, पोरांना शाळेत पाठवा." मी सोडलं नाही. "तुला काही बोलली होती? तब्येतीचं?" ती म्हणाली, "नाही साहेब. तुम्हीच काही बोलला होता का त्यांना?" उलट तपासणी करते माझी. तुझीच विद्यार्थिनी.

मग मी रमणभाईंना गाठलं. कारण जगात फक्त त्यांना मी सांगितलं होतं, वापीहून आल्यावर आठवडाभराने, वाळूवर. पोटात मावेना म्हणून. त्यांच्या घरी जाऊन, मशीन कानात घालायला लावून विचारलं. ते दुखावले. "साहेब, मी कोणाला नाय बोलला. घरात बायकोला पण नाय. आणि भाभीला? भाभीच्या समोर तर माझी मान वर नाय व्हायची त्या दिवसापासून." ते माझ्याकडे सरळ बघत होते. खिडकी मागे होती, तिकडे गेले नाहीत त्यांचे डोळे. मी चहा पिऊन परत आलो. म्हणजे चौकशी बंद. तुला कोणी सांगितलेलं नव्हतं, तुला माहीत नव्हतं, कढी म्हणजे नुसती कढी. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रडू आलं. तुला माहीतच नसेल तर तू माझा निरोपसुद्धा न घेता गेलीस, आणि माहीत असेल तर चार महिने माझ्या तोंडाकडे बघून, हा माणूस माझ्याशी खोटं बोलतोय, असं म्हणत भाकऱ्या शिकवत बसलीस. दोन्हींतलं बरं कुठलं, ते मला ठरवता येईना.

गेल्या रविवारी अमोल आला. फळी बोईसरला नेतो म्हणाला, हॉलच्या भिंतीवर लावायला, आईची आठवण म्हणून. मी म्हटलं, ने, पण आधी मी एकदा बसणार. त्याने मला वेड्यात काढलं. पण तिथे पाण्यात जाऊन तुला काय दिसायचं, एवढं मला बघायचं होतं. पहाटे गेलो. रमणभाई आलेच. अमोल त्यांच्याजवळ उभा राहिला आणि मी बनियन-चड्डीवर पाण्यात शिरलो.

पाणी गार होतं. कमरेच्या वर आलं तसा तुझ्यासारखा पालथा पडलो, वीतभर मागे. तेल उडालेल्या दोन फिकट जागा आहेत फळीवर, तुझ्या कोपरांच्या. माझी कोपरं तिथे बसत नाहीत, बाहेर जातात. समुद्राकडे तोंड करून पडून राहिलो. दिसत काहीच नव्हतं. करडं पाणी आणि लांब एक होडी. मी म्हटलं, यासाठी एवढं?

तेवढ्यात अगदी मानेमागे अमोलचा आवाज आला. "काका, बाबांना बोईसरला न्यायचं ठरलंय. एकटे कसे राहतील? इथलं घर बंद करू. त्यांना अजून बोललो नाही, आत्ता सांगितलं तर खचतील. हळूहळू सांगू." आणि रमणभाई, "हां, हां, हळूहळू." मला वाटलं, दोघे पाण्यात शिरले माझ्या मागोमाग. वळून बघितलं तर ते होते तिथेच, लांब कोरड्या वाळूवर, एवढेएवढेसे, आणि अमोल रमणभाईंच्या कानाशी वाकून ओरडत होता.

मी म्हटलं, "मी कुठे येणार नाही रे, गाढवा." मोठ्याने म्हटलं. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. मतलई वारा. वेवजीच्या प्रत्येक पोराकडून तू हे घोकून घेतलं असशील. किनाऱ्यावर बोललेलं सगळं तो पाण्यात नेऊन पोचवतो आणि पाण्यातलं एक अक्षर परत आणत नाही.

फळी धरून मी तसाच पडून राहिलो आणि काय काय ओरडलो होतो ते आठवत गेलो. तू पुढे गेलीस की रमणभाईंना म्हणायचो, बघा, ऐकत नाही बाई. म्हणायचो, हिला हसताना बघितलं की मला भीती वाटते. म्हणायचो, ही नसेल तर मला साधा चहा जमत नाही, पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल. आणि दिवाळीनंतरच्या त्या सकाळी वापीचं ते सांगायच्या आधी मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे सुरूच्या झाडांत कोणी नाही ना ते बघितलं. समोर फक्त तू होतीस.

ती तीच सकाळ, निर्मला. तू बाहेर आलीस, केस पिळलेस आणि फळी माझ्या हातात दिलीस.

तुझे ओठ त्या दिवशीही हलले होते. काय म्हणालीस ते मला कधीच कळणार नाही. वर्षभर मी तिथे उभा राहून बोलत होतो आणि तू मला उत्तरं देत होतीस, आणि तू बाहेर आलीस की मी विचारायचो, कोणाशी बोलत होतीस. मी खूप रडलो. समुद्रात रडायला बरं असतं, कोणी विचारत नाही.

मग एक लाट आली आणि तिने मला वेडावाकडा किनाऱ्याला आणून टाकलं. अमोल टॉवेल घेऊन धावला. माझं डोकं पुसायला लागला, अंगणवाडीतल्या पोराचं पुसावं तसं. "थंडी वाजतेय का? चहा घेऊ या? तुमच्या आवडीचं काय करू या आज जेवायला?" आणि हे सगळं समुद्राकडे बघत. माझ्या डोळ्यांत बघायचं टाळत होता. घर बंद करायचं ठरवून आलेला मुलगा, मला फसवतोय, मला सगळं ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही. मी राग शोधला. खरंच शोधला, मला राग शोधावा लागत नाही कधी. सापडला नाही. त्याचा तो खोटारडा, घाबरलेला चेहरा बघून त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, एवढंच वाटलं.

म्हणजे तुलाही राग नव्हता आला. चार महिने तू माझा असाच चेहरा बघत होतीस आणि तुला हेच वाटत होतं. हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण यावर माझा संशय नाही.

फळी मी दिली नाही त्याला. भिंतीला भोकं पडतील म्हणालो. मी बोईसरला जाणारही नाही, पण ते त्याला अजून बोललो नाही. पाडव्याला तो सूनबाईला घेऊन येईल आणि जेवण झाल्यावर हळूच विषय काढेल. तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा मी करीन. तुझ्याइतका जमणार नाही मला.